पित्ताची गोळी आणि अर्धवट सोडलेला कोर्स

आमच्या मामूंच्या खिशात दोन वस्तू हमखास असायच्या, चष्मा आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी. रमजानमध्ये सहरीनंतर एक गोळी, इफ्तारनंतर पोटात आग पडली की दुसरी. मामू दोष मिरचीला द्यायचे आणि मामी मामूंच्या रागीट स्वभावाला. अशी पंधरा वर्षं गेली. मग एके दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं. दुर्बीण घालून तपासल्यावर जठरात अल्सर निघाला आणि सोबत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू.

डॉक्टरांनी चौदा दिवसांचा कोर्स दिला. सहाव्या दिवशी पोट शांत झालं. तोंड मात्र सारखं कडू पडायचं, म्हणून मामूंनी गोळ्या बंद केल्या. वर्षाच्या आत पुन्हा रक्तस्राव झाला. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या तेव्हा कुठे जीव वाचला.

मिरची आणि स्वभावाला दोष देणारे आपणच नव्हतो. डॉक्टरसुद्धा अनेक दशकं तेच सांगत होते. जठरातल्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातले रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ते खोटं ठरवलं. कोणी मनावर घेईना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी या जिवाणूंचं मिश्रण स्वतःच प्यायलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

पण हा जिवाणू इतका चिवट का, याचं उत्तर अलीकडच्या संशोधनात सापडतं. तो युरिएज नावाच्या विकरानं अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. त्याची दुसरी युक्ती याहून बेरकी आहे. त्याला स्वतःला कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, म्हणून तो आपल्या पेशींच्या आवरणातून ते ओढून घेतो. पण आहे तसं ठेवत नाही. एका विकराच्या मदतीनं तो त्याला साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा रेणू जोडतो आणि हा बदललेला माल स्वतःच्या अंगात मुरवतो.

याचा त्याला काय फायदा? आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जिवाणूंना गिळतात, एका पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत पाचक रस सोडून त्यांना संपवतात. साखर जोडलेल्या कोलेस्टेरॉलमुळे हा जिवाणू आधी तर सहजासहजी गिळलाच जात नाही. गिळला गेला, तरी ती पिशवी पाचक रसापर्यंत पोहोचण्याचं काम रखडतं. म्हणजे ज्या पेशीनं त्याला मारायचं, तिच्याच आत तो तग धरतो. 2006 मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर जोडणारं जनुक काढून टाकलेल्या जिवाणूंना उंदरांच्या जठरात टिकता आलं नाही.

यावरून कोणी कोलेस्टेरॉलची गोळी किंवा तुपाचा डबा हाती घेऊ नये. ही समज अजून उपचारापर्यंत पोहोचलेली नाही. मात्र एवढं नक्की कळतं की जळजळ थांबली म्हणजे जिवाणू मेला असं नाही. असल्या शत्रूला दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारं औषध एकत्र, ठरलेले सगळे दिवस द्यावं लागतं. कोर्स अर्धवट सोडला की जे उरतात त्यांच्यावर पुढच्या वेळी औषध चालेलच असं नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा हा जिवाणू जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत होता.

माझी तक्रार केवळ मामूंवर नाही. मेडिकलवाल्यानं पंधरा वर्षं चिठ्ठीशिवाय पट्ट्या दिल्या. डॉक्टरांनी कोर्स लिहून दिला, पण तो का पुरा करायचा हे दोन मिनिटं बसून सांगितलं नाही. आणि आम्ही घरच्यांनी पित्त म्हणजे घरोघरी असतंच, असं म्हणून विषय सोडून दिला.

जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात हा जिवाणू असतो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. म्हणून घाबरून स्वतःच अँटिबायोटिक घेणं हाही मूर्खपणाच. अल्सरला दुखण्यावरच्या गोळ्याही कारणीभूत असतात. पण जळजळ महिनोन्‌महिने जात नसेल, वजन उतरत असेल, काळं शौच होत असेल, तर डॉक्टर गाठा. या जिवाणूची तपासणी श्वासातून किंवा शौचातूनही होते. पित्ताची गोळी चालू असेल तर तसं आधी सांगा, नाहीतर जिवाणू असूनही कदाचित तपासणीत दिसणार नाही. रमजानमध्ये कोर्स आला तर डोस सहरी-इफ्तारला बसतील का, हे डॉक्टरांनाच विचारा. आणि कोर्स संपल्यावर महिन्याभरानं पुन्हा तपासून घ्या.

मामूंनी दुसऱ्या वेळी चौदाच्या चौदा दिवस गोळ्या घेतल्या. मामी रोज पट्टी तपासायची.