नमाजेत फोन थरथरतो, तेव्हा नेमकं काय तुटतं?

चपला मशिदीबाहेर काढतो, मग फोन आत का नेतो? नमाजेतल्या एकाग्रतेचा जुना प्रश्न मोबाइलच्या काळात नव्याने समजून घेऊ.

गेल्या महिन्यातला एक शुक्रवार. राजापेठमधल्या ऑफिसातून उठून जुम्म्याच्या नमाजेला गेलो. दुसऱ्या रकातीत सजद्यात कपाळ टेकलं आणि खिशातला फोन थरथरला. लगेच पुन्हा एकदा. आवाज बंद होता, तरी अलर्ट कोणता हे मला ठाऊक होतं, कारण निघताना मीच तो दीडच्या वेळेवर लावून आलो होतो. दुपारी जेवताना लोक फोन बघतात, म्हणून आमच्या डेस्कवर ती वेळ ठरलेली.

नमाज पूर्ण झाली, पण उरलेला वेळ मी तिथे नव्हतोच. हेडिंगमध्ये तालुक्याचं नाव बरोबर गेलं का, क्लिक किती आले असतील, हाच हिशेब डोक्यात चालू होता. नमाजेनंतर शेजारचे चाचा माझ्या खिशाकडे बोट दाखवत म्हणाले, ‘‘चपला बाहेर ठेवल्या न बाप्पा, मंग हे डबडं कायले आत आणलं?’’

मी हसलो. पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खुशू म्हणजे काय?

नमाजेत मन हजर आणि नम्र असणं, याला अरबीत ‘खुशू’ म्हणतात. कुरआनच्या २३व्या अध्यायाच्या सुरुवातीला यशस्वी श्रद्धावंतांचं वर्णन येतं आणि त्यात पहिलं लक्षण नमाजेतला खुशू हेच सांगितलं आहे. १०७व्या अध्यायात, नमाज पढूनही तिच्याविषयी गाफील राहणाऱ्यांना इशारा दिला आहे. म्हणजे शरीर मशिदीत आणि मन बाजारात, ही अडचण मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

दिवसभरात फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती १७. फजरच्या २, जुहरच्या ४, असरच्या ४, मगरिबच्या ३ आणि इशाच्या ४. शुक्रवारी जुहरऐवजी जुम्म्याच्या २. एवढ्या थोड्या वेळासाठी तयारी मात्र बरीच असते. वजू करून हात, तोंड, पाय धुवायचे. किबल्याकडे तोंड करायचं. खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं. नजर सजद्याच्या जागेवर ठेवायची. मग हात वर उचलून ‘अल्लाहू अकबर’ म्हणायचं. या पहिल्या तकबिरीला ‘तकबीर-ए-तहरीमा’ म्हणतात. तिथून सलाम होईपर्यंत बोलणं, खाणं, इतर कामं वर्ज्य.

इंजिनीअरिंगला असताना ‘इंटरप्ट’ नावाचा धडा होता. प्रोसेसरचं नाजूक काम चालू असताना बाहेरून येणारे काही इशारे तेवढ्यापुरते रोखून धरतात, त्याला ‘मास्किंग’ म्हणतात. तकबीर मला तशीच वाटते. फरक एवढाच, की इशारा आल्यावर प्रोसेसर आपण कुठे होतो याची नोंद ठेवतो आणि बरोबर तिथूनच पुढे जातो. माणसाला ते जमत नाही. ही तिसरी रकात की चौथी, असा घोळ होतोच. अशा चुकीसाठी नमाजेत ‘सजदा-ए-सहव’ची, म्हणजे विसर पडल्यावर करायच्या दोन जादा सजद्यांची, तरतूद आहे. माणूस विसरणार, हे धर्माने आधीच गृहीत धरलं आहे.

मग मन आवरायचं कसं?

याचं एक उत्तर हदीसमध्ये सापडतं. हजरत आयेशा यांनी सांगितलेला हा प्रसंग सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा नक्षीची चादर अंगावर घेऊन नमाज पढली. नमाजेत त्यांची नजर त्या नक्षीवर गेली. नमाज संपताच त्यांनी ती चादर अबू जहम या सहकाऱ्याकडे पाठवली आणि त्याच्याकडची साधी चादर मागवून घेतली. नक्षीने आपलं लक्ष वेधलं, हे कारणही सांगितलं.

मला यातलं साधेपण महत्त्वाचं वाटतं. पुढच्या वेळी मन घट्ट करीन, असा निश्चय इथे नाही. लक्ष वेधणारी वस्तूच बदलून टाकली. जेवण समोर वाढलेलं असताना आधी जेवून घ्यावं आणि मग नमाजेला उभं राहावं, ही शिकवणही त्याच जातीची.

११११ मध्ये निधन पावलेले विचारवंत इमाम गझाली ‘इह्या उलूम अल-दीन’मध्ये आणखी खोलात जातात. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी ते दोन प्रकारच्या मानतात. बाहेरच्या गोष्टींवर त्यांचे उपाय सरळ आहेत. भिंतीजवळ उभे राहा, अंधाऱ्या खोलीत नमाज पढा, नक्षीकाम असलेली जागा टाळा. आतल्या विचारांवर मात्र हे पुरत नाही. त्यांचा बंदोबस्त नमाजेला उभं राहण्याआधीच करावा लागतो.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं, की नोटिफिकेशन आलं आणि फोनला हातही लावला नाही, तरी चालू कामातल्या चुका वाढतात. टेक्सास विद्यापीठातल्या २०१७च्या प्रयोगात काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात किंवा बॅगेत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवले होते. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली, फोन गप्प असूनही. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांत मात्र सगळीकडे सारखा निकाल आला नाही, हेही सांगायला हवं.

गझालींच्या दुसऱ्या प्रकाराशी जुळणारं संशोधनही आहे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं, की एक काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. वजूखान्याच्या वाटेवर वाचलेला व्हॉट्सॲप मेसेज आपण खिशात टाकतो, पण त्याचं उत्तर मनातल्या मनात लिहीतच रांगेत उभे राहतो.

फोन बंद केला की झालं का?

अमरावतीकरांना हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये हिंसाचारानंतर शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेट काही दिवस बंद झालं. फोन गप्प होते. मनं शांत होती का? नेट नाही हे माहीत असूनही हात फोनकडे जायचा. बाहेर काय चाललंय, या काळजीने घरातल्या नमाजेतही कान दाराकडे असायचे. सक्तीने लादलेली शांतता आणि स्वतः निवडलेली शांतता यांत मोठं अंतर असतं. खुशू दुसऱ्या प्रकारातला आहे.

आणि अजानच फोनवर आली तर?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि आवाजाची मर्यादा पाळलीच पाहिजे. त्यानंतर पोलिसांनी मुंबईत भोंगे उतरवायला सुरुवात केली. मग माहीमच्या जुमा मशिदीसह काही मशिदींनी ‘ऑनलाइन अजान’ हे ॲप स्वीकारलं. मशिदीतली अजान त्याच क्षणी भाविकाच्या फोनवर ऐकू येते.

ही सोय चांगली आहे. शेजाऱ्याची झोप मोडत नाही आणि घरी बसलेल्या आजीला आपल्याच मशिदीची अजान मिळते. अडचण पुढे आहे. मिनारावरून येणारी अजान फक्त बोलावते. फोनवरची अजान ऐकायला स्क्रीन उघडली, की तिच्याखाली क्रिकेटचा स्कोअर, बँकेचा मेसेज आणि माझा अलर्ट रांगेत उभे असतात.

दुसरा धोका खासगीपणाचा. नमाजेच्या वेळा आणि किबल्याची दिशा सांगण्यासाठी ॲप तुमचं ठिकाण विचारतं. ‘मुस्लिम प्रो’ या प्रसिद्ध ॲपच्या वापरकर्त्यांची ठिकाणाची माहिती एका डेटा कंपनीमार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत असल्याची बातमी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. त्यानंतर ॲपने त्या कंपनीशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. इबादतीसाठी घेतलेलं ॲपही शेवटी ॲपच असतं. परवानगी देताना तेवढं लक्षात असू द्या.

करता काय येईल?

माझं मत स्पष्ट आहे. फोनशी मनाने लढायचं नाही, त्याची जागा बदलायची. चादरीचा प्रसंग हेच शिकवतो.

• मशिदींनी चपलांच्या मांडणीशेजारी फोनसाठी कुलपाचे लहान कप्पे करावेत. चोरीची भीती गेली, की बरेच जण फोन बाहेर ठेवतील.

• घरी नमाज असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. अजान त्याच्यावरच ऐकायची असेल, तर ऐकून झाल्यावर तो तिथेच सोडून वजूला जावं.

• सूर्याबरोबर नमाजेच्या वेळा सरकतात. त्यामुळे ‘डू नॉट डिस्टर्ब’ एकदाच ठरावीक वेळेला लावून भागत नाही. मशिदीच्या दारात स्वतःच्या हाताने ते सुरू करण्याची सवय बरी.

• घरी कुणी आजारी असेल किंवा कामच तातडीचं असेल, तर फोन जवळ ठेवावाच लागतो. अशा वेळी फक्त त्या एक-दोन नंबरांना वाट मोकळी ठेवावी.

• नमाजेआधीची पाच मिनिटं काहीही वाचू नये. बातमीसुद्धा.

शेवटचा सल्ला माझ्या पोटावर पाय देणारा आहे, कल्पना आहे. शुक्रवारी सव्वा ते दोन या वेळेत अलर्ट नको, असं मी डेस्कवर सुचवून पाहिलं. मान्य झालं नाही, आणि त्यात काही चूकही नाही. बातमी कुणाच्या नमाजेसाठी थांबत नाही, आरतीसाठीही नाही. वाचकाचं लक्ष राखण्याची जबाबदारी वृत्तपत्र घेणार नाही, ॲप तर नाहीच नाही. ती ज्याची त्यालाच घ्यावी लागणार.

मी आता फोन गाडीच्या डिक्कीत ठेवून आत जातो. पहिल्या शुक्रवारी हात दोनदा रिकाम्या खिशाकडे गेला. परवा एकदाच गेला. नमाजेनंतर चाचांनी खिशाकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

हा लेखही तुम्ही फोनवरच वाचताय. वाचून झाला, तर आता तो थोडा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवून बघा. दीडचा अलर्ट चुकला तरी हरकत नाही. उद्या पुन्हा येईल, मीच पाठवणार आहे.