दोन रविवार

1932 सालच्या 21 फेब्रुवारीला रविवार होता. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलले. पुढच्या रविवारी दुसऱ्यावर. असं करत 19 जूनपर्यंत 18 रविवारांत 18 अध्याय झाले. समोर कायदेभंगात पकडलेले राजबंदी बसायचे. जमनालाल बजाजांसारखे नामवंत होते, तशी आज ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत अशी साधी माणसंही होती. साने गुरुजी ऐकता ऐकता लिहून घ्यायचे. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेलं.

मला त्या बोलण्याइतकंच ऐकणाऱ्यांचं अप्रूप वाटतं. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत धुळ्यात ऊन कसं असतं, ते खानदेशी वाचकाला सांगायला नको. कोणी म्हणेल, तुरुंगातली माणसं, जाणार कुठे? खरं आहे. पण तुरुंगातला माणूस भिंतीकडे बघत बसू शकतो, भांडू शकतो, झोपा काढू शकतो. ही माणसं आठवडाभर थांबून पुढच्या रविवारी पुन्हा त्याच माणसासमोर येऊन बसत होती. एकाने शेवटपर्यंत बोलावं आणि बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्यामागची व्यवस्था. तिला पैसा लागला नाही, यंत्र लागलं नाही.

त्याच जिल्ह्यातला दुसरा रविवार 1 जुलै 2018 चा. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते, त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हा त्यांचा पिढीजात मार्ग. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. एका लहान मुलीशी बोलताना त्यांच्यातला एक जण दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मारहाणीचे व्हिडिओ निघाले आणि तेही पुन्हा फोनवरूनच फिरले. पुढे 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली.

या घटनेनंतर व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. ते करायलाच हवं होतं. पण माझं मन वेगळ्याच गोष्टीपाशी अडतं. आम्ही कोण, कुठले, कशासाठी आलो हे सांगायला त्या पाच जणांना तोंड होतं. ते सांगणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला त्या गर्दीतलं कोणीही थांबलं नाही. फोनवर आलेलं खरं मानलं गेलं आणि समोर हात जोडून उभा असलेला माणूस खोटा ठरला.

शहरातला माणूस राईनपाड्याकडे लगेच बोट दाखवतो. पाडा आहे, शिक्षण कमी, लोक भोळे, असं म्हणून मोकळा होतो. मला हे बोलणं खोटं वाटतं आणि त्याचा रागही येतो. त्या काळात तसे मेसेज धुळ्या-जळगावच्या शिकलेल्या घरांतही आले होते. कुणी काळजीपोटी, कुणी सवयीने, न वाचताच पुढे ढकलत होतं. पाड्यावर जे झालं ती त्या सवयीची शेवटची पायरी होती. पहिली पायरी आपल्या घरातच आहे, जेवणाच्या ताटापाशी. पोरगा शाळेतलं काही सांगत असतो, बाप मान न उचलता ‘हं, हं’ करत असतो आणि दोन वाक्यांनंतर पोरगा सांगायचं सोडून देतो.

परवा जळगावात एका लग्नाला होतो. मंगलाष्टकं चालू झाली. पाहुण्यांच्या उजव्या हातात फोन, म्हणून अक्षता डाव्या हातात. वर ड्रोनची घरघर. नवरदेवाची मावशी पुढे सरकत होती, तर कॅमेऱ्यामागचा पोरगा म्हणाला, ‘काकू, जरा मागे व्हा, फ्रेममध्ये येताय.’ ती मागे झाली. शेवटचं ‘सावधान’ झालं तेव्हा तिच्यासमोर तीन-चार माणसांचे वर केलेले हात होते, त्यामुळे नवरानवरी तिला दिसलेच नाहीत. अक्षता तिच्या मुठीतच राहिल्या. त्या नवरदेवाला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. नंतर पंगतीत ती मला म्हणाली, ‘जाऊ द्या भाऊ, मोबाईलवर टाकतील ना, तेव्हा पाहीन.’

तिने हे सहज मान्य केलं, याचं मला वाईट वाटलं. लग्न आता आधी दाखवण्यासाठी होतं, मग उरलं तर अनुभवण्यासाठी. आणि दाखवायचं म्हटलं की खर्च आलाच. लग्नाआधीचं शूटिंग, हळदीला सगळ्यांचे एका रंगाचे कपडे, स्टेजवर धूर. कापसाला भाव नसलेल्या वर्षीही हे कमी होत नाही. हॉल मोठा हवा, कारण चुलतभावाच्या पोरीचा मोठा होता आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. पूर्वी शेजाऱ्याची श्रीमंती दिसायची ती गल्लीपुरती. आज अख्ख्या जिल्ह्याची श्रीमंती रात्री अंथरुणात उशापाशी येऊन बसते.

जळगावचं सोनंच घ्या. इथला सराफ बाजार महाराष्ट्रभर नावाजलेला. शेतकऱ्याच्या घरात सोनं हे हौसेपेक्षा आधाराचं असायचं. कापूस चांगला पिकला की बायकोला पोत, पीक बुडालं की तीच पोत गहाण, आणि पुन्हा पिकलं की सोडवून आणायची. त्या दागिन्याला घराच्या सुखदुःखाचा इतिहास असायचा. 2025 च्या एप्रिलमध्ये तोळ्याचा भाव लाखाला भिडला. तरी सणासुदीला दुकानांत गर्दी आहेच. सोनं घेण्याला माझा विरोध नाही. पण दागिना अंगावर चढायच्या आत त्याचा फोटो स्टेटसला जातो आणि त्यावर किती जणांची नजर पडली हे रात्री मोजलं जातं, तेव्हा आनंद दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

पैसा खानदेशात पूर्वीही होता. त्याचं काय करायचं याचं एक उत्तर अमळनेरात आजही उभं आहे. प्रताप मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडगिरणीच्या गावात वेदान्ताचा आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारी संस्था. तिथे देशभरातून विद्यार्थी येऊन राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, जी. आर. मलकानी अशी भारतीय तत्त्वज्ञानातली मोठी माणसं या तालुक्याच्या गावी काम करून गेली. गिरणीचा पैसा मजुरांच्या घामाचा होता, हे विसरून मी शेठजींची आरती ओवाळत नाही. पण पैसा आल्यावर माणूस जगतो कशासाठी, या प्रश्नासाठी इमारत बांधावी असं एका खानदेशी धनिकाला वाटलं होतं.

त्याच अमळनेरात 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्या कंपनीची पुढे विप्रो झाली. गावातल्या कित्येक घरांनी तिचे शेअर दशकानुदशकं सांभाळले आणि ती घरं करोडपती झाली. बाहेरचा माणूस आज अमळनेर ओळखतो तो त्या शेअरमुळे. तत्त्वज्ञान मंदिराचं नाव घेणारा क्वचित भेटतो, आणि हे खुद्द जळगावातलं सांगतो आहे. गावाची ओळख आपण कशावरून ठेवतो, त्यावरून आपलं मोजमाप कळतं.

साने गुरुजी अमळनेरला आले ते याच मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. 1924 मध्ये ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. मधल्या काळात छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथल्या मुलांसाठी ते एक दैनिक काढायचे. स्वतःच्या हाताने लिहिलेलं. प्रत एकच. जगातल्या घडामोडी, थोरांच्या गोष्टी, मुलांना सांगायच्या दोन समजुतीच्या गोष्टी त्यात असत. मुलं त्या एका प्रतीभोवती जमत. लिहिणारा माणूस त्यांच्यातच राहत होता, रात्री त्यांची पांघरुणं नीट करत होता. कोणत्या मुलाला आज कोणता शब्द लागेल हे त्याला ठाऊक होतं.

आजच्या विद्यार्थ्याच्या हातातही रोज काहीतरी येतं आणि तेही त्याला ओळखूनच पाठवलेलं असतं. तो कुठे थांबला, काय पुन्हा पाहिलं, कशावर रागावला, याची नोंद ठेवून पुढचा व्हिडिओ समोर टाकला जातो. फरक हेतूचा आहे. गुरुजींना ते मूल माणूस व्हायला हवं होतं. या यंत्रणेला ते मूल आणखी दहा मिनिटं तिथेच हवं असतं, कारण त्या दहा मिनिटांत जाहिरात विकली जाते. दुसरा फरक मला तितकाच मोठा वाटतो. गुरुजींचं दैनिक वाचून संपायचं. कीर्तन आरतीला संपतं, रात्रभर चाललेलं वहीगायन पहाटेला संपतं. संपल्यावर माणूस घरी जाताना त्यावर विचार करतो. बोटाने वर सरकवत राहायची ही पट्टी संपतच नाही. मग पाहिलेलं मुरायला वेळ कुठून मिळणार? तासभर पाहून उठलेल्या पोराला विचारा, काय पाहिलंस? त्याला सांगता येत नाही. तो खोटं बोलत नसतो.

फोनवाचून चालणार नाही, हेही तितकंच खरं. रावेर-यावलच्या केळीवाल्याला बांधावर भाव कळतो, सुरतेला किंवा पुण्याला कामाला गेलेल्या पोराचा चेहरा आईला दिसतो, पावसाचा अंदाज येतो. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि हे सुख गरिबाच्या घरातही पोचलं. ते हिरावून घ्या असं मी म्हणणार नाही. गरज असते तेवढंच वापरून आपण फोन खाली ठेवत नाही, एवढीच तक्रार आहे.

खाली ठेवता येतो, याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. रोटांसाठी घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू घेतले जातात. चाकरीसाठी लांब गेलेली भाऊबंदकी या दिवशी गावी येते. रात्री बाया अहिराणी गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, सोमवारी सकाळी कानबाईला निरोप देतात. मी पाहिलेल्या एका घरात म्हातारी गाणं म्हणत होती आणि नाती तिच्या मागून ओळी उचलत होत्या. एकीला शब्द अडला तर म्हातारी थांबून पुन्हा सांगे. तितका वेळ कुणाच्या हातात फोन नव्हता. मनाई कुणीच केलेली नव्हती, हात टाळ्यांत गुंतले होते. वर्षातला असा एक रविवार आपल्याला जमतो, मग उरलेले का जमू नयेत?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने 2022 च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास घराघरांत टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसं वाचू लागली, बोलू लागली. निर्णय गावाने मिळून घेतला म्हणून तो पाळला गेला. एकट्या आईने पोराच्या हातातून फोन ओढला तर घरात भांडण होतं. सगळ्या गल्लीचे फोन एकाच वेळी बंद झाले तर पोराला खेळायला, बोलायला दुसरी पोरं मिळतात. भोंग्याचं खरं बळ या एकत्रपणात आहे.

अमळनेर, पारोळा, साक्री, शिरपूर, यावल, चोपडा, कुठल्याही तालुक्यातलं तुमचं गाव असो, येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. सरपंचांकडे आधी अर्ज द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. आणि नुसता फोन बंद करण्याचा ठराव करू नका. त्या दीड तासात गावात काय होईल हेही त्याच ठरावात लिहा: शाळेच्या ओट्यावर कोण वाचून दाखवणार, कोणती आजी अहिराणी गाणी शिकवणार, कोणते जिभाऊ गावाच्या जुन्या गोष्टी सांगणार. नावानिशी लिहा. रोज जमत नसेल तर रविवारपासून सुरू करा.