गावठी बोरीवर कुऱ्हाड चालविण्यापूर्वी

चैत्र लागला की कोरडवाहू भागात कलमी बोरींच्या छाटणीस प्रारंभ होतो आणि त्याच हातासरशी बांधावरच्या गावठी बोरींकडेही शेतकऱ्याची नजर वळते. काही झाडे डोळे भरण्याकरिता बुंध्यापासून तोडली जातात, काही सरपणासाठी जातात, तर काही निव्वळ काट्यांचा त्रास नको म्हणून उपटली जातात. बोरीच्या दैवाने तिचा निवाडा नेमका वर्षातील अशा दिवसांत होतो, की तेव्हा तिच्या अंगावर फळ नसते आणि पानही फारसे नसते. उरलेले असतात ते काटे. पौषात जिच्याखाली गावची मुले दिवसभर घोटाळत होती ती बोर हीच, याची आठवणही त्या वेळी कोणास राहत नाही.

गावठी बोरीचे कलमी बोरीत रूपांतर करणे हा उपाय उत्तम आहे, याविषयी वाद नाही. उन्हाळ्यात झाड जमिनीपासून हात-दीड हातावर कापावे, फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन जोमदार राखावेत, आणि आषाढ-श्रावणात त्यांवर चांगल्या जातीचे डोळे भरावेत, हे तंत्र आता बहुतेक गावांत परिचित आहे. खोल गेलेले जुने मूळ आयते मिळत असल्याने असे झाड पाण्यावाचून तगते आणि लवकर फळावर येते. प्रश्न एवढाच, की गावातील प्रत्येक गावठी बोर या रीतीने कलमी करून टाकावी काय? पुष्कळ ठिकाणी तसे होऊ लागले आहे, आणि ते हितावह नाही.

या बाबतीत सफरचंदाच्या मुलखाकडे पाहणे उपयोगी ठरेल. हिमाचल प्रदेशातील बागाईतदार विक्रीसाठी मुख्यतः डेलिशस वर्गातील जाती लावतो. परंतु डेलिशसच्या झाडास स्वतःच्या परागावर पुरेसे फळ धरत नाही. म्हणून तो बागेत मधून मधून गोल्डन डेलिशसची, आणि अलीकडे क्रॅब अ‍ॅपल नावाच्या रानसफरचंदाचीही झाडे लावतो किंवा त्यांच्या फांद्या बांधतो. ही रानसफरचंदे बोराएवढी, फार तर लहान लिंबाएवढी, आणि चवीला आंबट-तुरट असतात. बाजारात त्यांस किंमत नाही. तथापि ती भरघोस फुलतात आणि बागेस पराग पुरवितात. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत तर घराभोवती झाड निवडताना लोक खाण्याच्या सफरचंदाशेजारी एखादे रानसफरचंद मुद्दाम पाखरांसाठी लावतात. त्यातही फळ लहान असावे आणि हिवाळाभर डहाळीस टिकून राहावे, असे पाहून जात निवडतात. फळ लहान असले म्हणजे पक्ष्याला ते गिळता येते किंवा चोचीत धरून नेता येते. मोठे फळ तो नुसते टोचून नासवितो.

आपल्याकडे सफरचंदाची रोपे विकणारे लोक मृगाच्या तोंडावर गावोगाव येऊ लागले आहेत, त्याविषयी येथेच दोन शब्द सांगणे अवश्य आहे. डेलिशससारख्या जातीस हिवाळ्यात सात अंशांखालील थंडी सुमारे हजार तास मिळावी लागते. एवढी थंडी महाराष्ट्रात कोठेच पडत नाही. हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्याचे हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एचआरएमएन-९९ ही जात निवडली, आणि ॲना व डोर्सेट गोल्डन या परदेशी जातीही अल्प थंडीवर फळतात, हे खरे आहे. हौस असल्यास परसात दोन रोपे लावण्यास हरकत नाही. मात्र ॲना लावावयाची तर परागासाठी जवळ डोर्सेट गोल्डन हवी, हे विक्रेता सहसा सांगत नाही. शिवाय उष्ण प्रदेशातील असे फळ थंड डोंगरांतील सफरचंदाशी बाजारात स्पर्धा करील, या भरवशावर कर्ज काढून एकरभर लागवड करणे धोक्याचे आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे सफरचंद बोर हेच होय. उत्तर भारतात तर बोराच्या एका जातीचे नावच ‘सेब’ असे आहे, आणि क जीवनसत्त्वाच्या दृष्टीने बोर सफरचंदाच्या कितीतरी पटीने सरस ठरते.

आता खाण्यासाठी आणि विक्रीसाठी कोणती बोर लावावी? दूरच्या बाजारासाठी उमराण अद्याप भरवशाची आहे. तिचे फळ मोठे, पिवळेधमक, वाहतुकीस टिकाऊ असते. मात्र ते तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवल्यास त्याची गोडी आणि कुरकुरीतपणा दोन्ही जातात, म्हणून सोनेरी पिवळा रंग येताच तोडावे. कडाका आणि छुहारा याही आपल्या भागात रुळलेल्या जाती आहेत. जळगावकडील मेहरूनचे फळ लांबट आणि टोकाला निमुळते असून आकाराने उमराणहून लहान, परंतु चवीस तिच्यापुढे उमराण फिकी वाटते. घरी खावयास आणि जवळच्या बाजारास मेहरूनच लावावी, असे अनुभवी माणूस सांगेल. अॅपल बोर या नावाने आलेले थायलंडकडील वाण मोठे आणि रसदार फळ देते, त्यास काटेही कमी असतात. पण त्याची गोडी बेताची असते, आणि नव्या वाणास पहिल्या हंगामांत मिळणारा भाव लागवड वाढल्यावर टिकत नाही, हे शेतकऱ्यांनी यापूर्वी अनेक पिकांत पाहिले आहे. कोणतीही जात निवडली तरी एकाच जातीची सलग बाग करू नये. बोरीच्या कित्येक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत. दोन-तीन जाती मिसळून लावल्यास, आणि भाद्रपद-आश्विनात झाड फुलावर असताना माशा-मधमाश्यांवर विषारी फवारा न पडल्यास, फळधारणा निश्चित सुधारते.

येथवर सांगितले ते बहुतेकांस ठाऊक आहे. ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट निराळी. बियांपासून उगवलेली प्रत्येक गावठी बोर आपल्या परीने वेगळी असते. एक आंबट, शेजारची मधासारखी गोड. एक कार्तिकातच पिकते, दुसरी माघ संपेपर्यंत फळ धरून राहते. आज नावाने विकल्या जाणाऱ्या जाती कधीतरी कोणीतरी अशाच झाडांतून निवडून काढलेल्या आहेत. ते झाड तोडले की ती चव पुन्हा मिळत नाही, कारण त्याच्या बियांतून आईसारखे झाड येईलच असे नाही. यास्तव एखादी असामान्य गोड गावठी बोर आढळल्यास तिच्यावर दुसरीचे डोळे भरण्याऐवजी तिचेच डोळे घेऊन अन्य खुंटांवर भरावेत.

शिवाय ही फळे केवळ पाखरे खात नाहीत. भोगीच्या भाजीत आणि लहानग्याच्या बोरन्हाणात पडते ते बोर बहुधा बांधावरचेच असते. सुगीची कामे आटोपल्यावर मजूर स्त्रिया टोपलीभर बोरे वेचून आठवडे बाजारास नेतात आणि उरलेली वाळवून बोरकूट करतात. त्यांच्या मालकीची बाग नसते. बांधावरची बोर हीच त्यांची बाग, आणि ती तोडताना त्यांस कोणी विचारीत नाही. पाला शेळ्यांस जातो, तोडलेल्या फांद्या कुंपणास लागतात. छाटणी न झालेल्या दाट काटेरी झाडात लहान पक्षी निर्धास्त घरटे करतात. दरसाल छाटलेल्या कलमी बोरीत त्यांस ते साधत नाही. मैना, बुलबुल, कोकिळा, पोपट हे सर्व या फळावर येतात आणि रात्री कोल्हाही गळलेली बोरे वेचून जातो. माळावर माणसाने न लावलेल्या बोरी उगवतात त्या बहुतांशी यांच्याच कृपेने.

यावर बोरबागाईतदाराचा एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. बोरावरील फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळते, आणि अळी जमिनीत शिरून कोषावस्थेत जाते. गावठी बोरीवर ना फवारणी होते, ना गळलेली फळे कोणी वेचते, त्यामुळे तेथे माशीची पैदास मोकळेपणी चालते आणि ती शेजारच्या बागेत उतरते. म्हणूनच बागेजवळच्या रानबोरी काढून टाकाव्यात अशी शिफारस केली जाते. ती शिफारस बागेपुरती योग्य आहे, आणि बागेच्या कडेला गावठी बोर राखा असे सांगणारा कार्यकर्ता शेतकऱ्याचे नुकसान करील. परंतु तीच शिफारस सबंध गावाच्या शिवारास लावणे हा अतिरेक आहे. ज्या गावात बोरीची बागच नाही, केवळ बांधावर चार-दोन झाडे आहेत, तेथे फळमाशीचे नाव घेऊन कुऱ्हाड चालविण्यास आधार काय?

मध्यम मार्ग असा, की कलमी बाग जेथे आहे तेथे तिच्यालगतच्या सर्व गावठी बोरींवर डोळे भरून घ्यावेत, आणि नाल्याकाठच्या, गायरानातील, बागेपासून दूरच्या बोरी राखाव्यात. माशी उडणारी आहे. अंतराने तिचा उपद्रव कमी होईल, बंद होणार नाही, हे शेतकऱ्यास आधीच स्पष्ट सांगावे. नाहीतर पहिल्या किडक्या बोराबरोबर त्याचा सल्ल्यावरील विश्वास उडेल. फळे गळू लागताच राखलेल्या झाडांखाली दिवसाआड शेळ्या नेल्यास किडकी फळे अळी बाहेर पडण्यापूर्वीच फस्त होतात. हा उपाय बिनखर्ची आहे आणि गुराख्यास आवडणारा आहे. बागेतील गळालेली फळे मात्र वेचून खोल पुरावीत, आणि उन्हाळ्यात झाडांखालील माती उकरून कोष उन्हात पाडावेत. पोपटांचा त्रास या कशानेही थांबत नाही. त्यास राखण हाच उपाय.

काही शेतकरी एकाच झाडावर दोन्ही साधू पाहतात, म्हणजे डोळे भरताना एक गावठी फांदी पाखरांसाठी तशीच ठेवतात. कल्पना गोड आहे, पण बोरीचा स्वभाव तिला साथ देत नाही. गावठी फांदी कलमापेक्षा झपाट्याने वाढते, रस आपल्याकडे ओढते, आणि दोन-तीन वर्षांत कलम खुरटते. खुंटावरील रानटी फुटवे वेळोवेळी काढावे लागतात ते याच कारणाने. माणसाचे झाड आणि पाखरांचे झाड वेगळेच असलेले बरे.

नव्याने लावावयाचे असल्यास पाखरांसाठी लहान फळाची, अंगाने दाट, आणि फळ उशिरापर्यंत टिकविणारी बोर निवडावी. शक्य तर एक लवकर पिकणारी आणि एक उशिरा पिकणारी अशी जोडी ठेवावी, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत खंड पडत नाही. तिचे रोप पिशवीतून आणण्यापेक्षा बी जागेवरच टोकावे, कारण बोरीचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि हलविल्यास दुखावते. बिया मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या फेकून द्याव्यात आणि तळाशी बसलेल्या स्वच्छ धुऊन वापराव्यात. बोरीच्या जोडीला नाल्याकाठी एखादे जांभूळ किंवा उंबर असेल, आणि सह्याद्रीच्या बाजूस उन्हाळ्यात पिकणारे तोरण असेल, तर बोरीचा हंगाम सरल्यावरही पाखरांस त्या शिवारात राहण्यास कारण उरते.

कोणते झाड राखावे हे मात्र चैत्रात ठरविता येत नाही, कारण तेव्हा सर्व बोरी सारख्याच दिसतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पौष-माघात, बोरे भरात असताना, शेतकऱ्यासह बांधावरून एक फेरी मारावी. सोबत गुराखी आणि शाळेतील दोन पोरे घ्यावीत. कोणत्या बोरीची फळे गोड, कोणती उशिरा पिकते, हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगणार नाही. राखावयाच्या झाडाच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढावा, डोळे घेण्याजोग्या झाडावर दोन पट्टे, आणि ज्यावर डोळे भरावयाचे ते तसेच सोडावे. वळवाच्या पहिल्या सरीने चुना धुऊन जातो, म्हणून छाटणी त्यापूर्वी उरकावी, किंवा पट्टा गेरूने ओढून त्याखाली खिळ्याने पत्र्याचा तुकडा लावावा.