प्रेम, श्रद्धा आणि उदासी

रॉबर्ट बर्टनचा ‘द अ‍ॅनाटॉमी ऑफ मेलँकली’ हा ग्रंथ १६२१ साली ऑक्सफर्डमध्ये छापला गेला. उदासीचे मूळ काळ्या पित्तात, ही जुनी वैद्यकीय समजूत त्यात आहेच. पण तिसऱ्या भागात बर्टन प्रेमातली आणि धर्मातली उदासी शेजारी मांडतो. आमच्या या अंकाचा रोख त्या शेजारावर आहे. त्याच वर्षी कवी जॉन डन सेंट पॉल्सचा डीन झाला. पत्नी अ‍ॅन १६१७मध्ये, बाराव्या बाळंतपणानंतर गेली होती. तिच्यावरच्या सुनीतात विरह आणि देवाची ओढ वेगळी काढता येत नाही. ‘क्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स याच काळातले इंग्रज, म्हणून मराठी वाचकाला हे जग परके नाही. वाचकांनी आपले अनुभव, मतभेदही, जरूर कळवावेत.