तापलेल्या गाडीला आधी मोठा रेडिएटर विकू नका



ऑटो लाइनमध्ये उतरू पाहणारी बरीच मुलं सध्या मला एकच आयडिया सांगतात. "सर, पनवेलला परफॉर्मन्स कारचं काम सुरू करायचंय. रिमॅप, इंटेक, एक्झॉस्ट आणि मोठे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर." आयडिया चांगली आहे, जागा त्याहून चांगली आहे. पण त्या शेवटच्या आयटमबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते आज सरळ मांडतो. कूलिंगच्या कामात खरा पैसा गाडी का तापते हे शोधून देण्यात आहे. रेडिएटर विकणं त्याच्या नंतर येतं, आणि बऱ्याच गाड्यांत येतच नाही.

आता हे असं का म्हणतोय, ते बघू.

पनवेलला गिऱ्हाईक आहे, हे नक्की

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो. पळस्पे फाट्यावरून जुना पुणे हायवे आणि गोवा हायवे फुटतात. पनवेल जवळपास समुद्राच्या पातळीवर, आणि लोणावळा-खंडाळा साधारण ६०० मीटर वर. खोपोली सोडली की ही उंची थोड्याच किलोमीटरमध्ये चढायची असते. मे महिना, सलग सुट्ट्या, शनिवारची सकाळ. घाटात ट्रॅफिक तुंबतं, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी फुल्ल. कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही बघितल्या नसतील तर तुम्ही पनवेलचे नाही.

कोणी म्हणेल, खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंकने घाट टळला, मग हा धंदा बसणार. मला नाही वाटत. बोगदा असो की वळणं, खोपोली खाली आहे आणि कुसगाव वर आहे. गाडीला उंची तेवढीच चढायची आहे. शिवाय अटल सेतू आणि विमानतळामुळे आपल्या भागात गाड्यांची ये-जा वाढतेच आहे. त्यामुळे मागणीची चिंता सोडा. चिंता करायची ती आपण त्या मागणीला काय देतो याची.

आधी उष्णतेचा हिशोब समजून घ्या

ढोबळ हिशोब असा, की जळलेल्या पेट्रोलमधल्या उर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग गाडी पळवायच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला बहुतेक भाग कूलिंग सिस्टिमला बाहेर टाकावा लागतो. रिमॅप केला म्हणजे जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद आणि अर्थात जास्त उष्णता. त्यात टर्बो गाडीच्या तोंडाशी एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक बसलेले असतात. त्यांच्यापुढे मोठा इंटरकूलर लावला की रेडिएटरपर्यंत येणारी हवा आणखी कमी आणि आणखी गरम होते.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं, आणि म्हणूनच "रिमॅप केलाय ना, मग रेडिएटर मोठा हवा" हे वाक्य खपतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. रिमॅपची जास्तीची ताकद पाय दाबल्यावरच येते. ट्रॅफिकमध्ये दहाच्या स्पीडने सरकणारी रिमॅप केलेली पोलो जीटी आणि कंपनीतून आली तशी पोलो जीटी, दोघी जवळपास सारखंच पेट्रोल जाळतात. म्हणजे गाडी नुसत्या ट्रॅफिकमध्येच तापत असेल, तर दोष रिमॅपच्या माथी मारता येत नाही. तिथे दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं, आणि मोठा रेडिएटर लावून ते फक्त काही दिवस झाकलं जातं.

पहिला प्रश्न: कधी तापते?

माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना मी हत्यार हातात देण्याआधी हा प्रश्न पाठ करायला लावतो. गिऱ्हाईकाला विचारा, "कधी तापते?" अर्धं निदान त्याच्या उत्तरात असतं.

उभ्या उभ्या किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो? मग हवेचा प्रश्न आहे. पंखा, त्याचा रिले, पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये अडकलेली माती आणि किडे. हे तपासायला फार खर्च नाही.

ट्रॅफिकमध्ये ठीक असते, पण लांब चढावर पाय दाबला की किंवा सलग मोठ्या स्पीडला तापते? मग पाण्याचा प्रवाह आणि उष्णता टाकायची क्षमता बघा. आतून चोंदलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. हे सगळं नीट असेल तरच रेडिएटर लहान पडतोय का, हा प्रश्न येतो.

कधीही तापते आणि कूलंट कमी होत राहतं? मग गळती, कॅप किंवा हेड गॅस्केट. इथे मोठा रेडिएटर लावणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला मोठ्या मापाचा शर्ट घालणं.

आणि हो, डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो, तापमान दहा-पंधरा अंश इकडे-तिकडे झालं तरी हलत नाही. ओबीडी पोर्टला स्कॅनर लावा आणि खरा आकडा बघा.

एक उदाहरण सांगतो. एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक आली होती. गाडी फक्त घाटातल्या जॅममध्ये तापायची. मालकाला दुसरीकडे रेडिएटर, होस आणि इलेक्ट्रिक पंप असं मोठं कोटेशन मिळालेलं. आम्ही स्कॅनर लावून गाडी एसी चालू ठेवून उभी केली. पंखा फिरायचा, पण हाय स्पीड घेतच नव्हता. साध्या गावातल्या ड्रायव्हिंगमध्ये ते कळतही नाही, कारण गरज पडत नाही. पंख्याचा कंट्रोलर बदलला, पुढची माती धुतली, कूलंट नवीन टाकलं. मोठ्या कोटेशनची गरज संपली. तो माणूस आता ऑइल बदलायलाही माझ्याकडेच येतो.

स्वस्त वस्तूंना कमी समजू नका

रेडिएटरची कॅप बघा. किती छोटी वस्तू! पण सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवायचं काम तिचं. दर एक पीएसआय प्रेशरला कूलंटचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वर जातो. १५ पीएसआयची कॅप नीट काम करत असेल, तर वीस-बावीस अंशांचा जादा आधार मिळतो. कॅपचं रबर कडक झालं की हा आधार गेला. कूलंट लवकर उकळतं, बाहेर फेकलं जातं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "रेडिएटर लहान पडतोय."

कूलंटचंही तसंच. "आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणी चालतं" असं सांगणारे अजून आहेत. उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी खरंच चांगलं आहे, पण ते गंजवतं आणि लवकर उकळतं. बोअरचं पाणी टाकलं तर क्षार आत बसतात आणि बारीक नळ्या चोंदतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्यात. एवढं साधं आहे.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा जुना जुगाड बंद करा. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडतो, तो इंजिनाला त्याच्या योग्य तापमानावर ठेवण्यासाठी. काढून टाकला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, झीज वाढते. आज काटा खाली दिसतो आणि बिल उद्या येतं.

मग अपग्रेड कधी विकायचं?

मी अपग्रेडच्या विरोधात नाही. माझ्या दुकानातही रेडिएटर आहेत. सगळ्या कंपनी पार्ट्सची तब्येत नीट आहे, तरी स्कॅनरवर लांब चढावर तापमान चढत जातंय, गाडी रिमॅप आहे, मालक खरोखर तशी चालवतो, मग बिनधास्त विका. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला तर हवंच.

पण वापर विचारा. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरणारी गाडी काही सेकंदच पूर्ण जोरात पळते. तिला दोन रनच्या मधल्या वेळात गार होणं जास्त महत्त्वाचं, म्हणजे चांगला पंखा आणि इंटरकूलर. ट्रॅकवर सलग लॅप मारणाऱ्या गाडीला रेडिएटरबरोबर ऑइल कूलरही लागतो, कारण ऑइलचं तापमान पाण्याच्या मागे लपून वाढत असतं. घाटाची गाडी वेगळी, ड्रॅगची वेगळी, ट्रॅकची वेगळी. एकच किट तिघांना विकणारा माणूस कोणालाच नीट विकत नाही.

जाड रेडिएटर म्हणजे चांगला रेडिएटर, हेही खरं नाही. जाडी दुप्पट केली म्हणून कूलिंग दुप्पट होत नाही. मागच्या भागात पोहोचेपर्यंत हवा आधीच गरम झालेली असते, आणि पंख्याला ती ओढायला जास्त जोर लागतो. जागा असेल तर समोरचं क्षेत्रफळ वाढवा. आणि हवा रेडिएटरच्या बाजूने निसटते ती वाट फोमने बंद करा. बऱ्याचदा हे सगळ्यात कमी खर्चाचं अपग्रेड असतं.

आता धंद्याचा हिशोब

समजा तुम्ही ३०,००० रुपयांचा रेडिएटर विकला आणि ५,००० सुटले. छान. पण चार मॉडेलचे एकेक नग ठेवायचे तर लाखभर रुपये रॅकवर अडकले. ते मॉडेल बंद पडलं की नग पडून.

आता दुसरी बाजू. समजा तपासणीचे १,००० रुपये लावले आणि आठवड्याला पाच गाड्या आल्या. महिन्याला २०,००० झाले, स्टॉक शून्य. वरून कॅप, कूलंट, पंखा, होस यांचं काम वेगळं. लागणारी हत्यारं म्हणजे चांगला स्कॅनर, कूलिंग प्रेशर टेस्टर, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि हेड गॅस्केटसाठी ब्लॉक टेस्ट किट. तुमचं पहिलं भांडवल इथे घाला.

तुम्ही म्हणाल, "सर, गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही. आपण नाही विकला तर शेजारचा विकेल." काही जातील, हे मान्य. पण मोठा रेडिएटर लावूनही गाडी पुन्हा घाटात थांबली, तर तो बायका-पोरांसह ट्रकांच्या रांगेत उभा असताना कोणाचं नाव घेईल? अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅस्केट उडाली, तर इंजिनाचं बिल त्या रेडिएटरच्या कितीतरी पट जातं. आणि नेहमीच्या मोटर पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड धरलेला नसतो. ते नुकसान त्याच्या खिशातून जातं, आणि तुमचं नाव त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. पनवेल एवढंही मोठं नाही.

म्हणून पैसे मागायची लाज सोडा, पण बदल्यात हातात काहीतरी द्या. तपासणीचा कागद द्या. आधीचं तापमान, नंतरचं तापमान, तोच रस्ता, एसी चालू. काम झालं की पुन्हा तोच रन मारून दोन्ही आकडे शेजारी लिहा. ज्याच्याकडे आकडा आहे त्याला जास्त बोलावं लागत नाही.

कागदाचं आणखी थोडं. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्याआधी वॉरंटीवर परिणाम होऊ शकतो हे लेखी सांगा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा आणि चेसिस कापायच्या भानगडीत पडू नका. जीएसटीचंही बघा. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची, पण फिटिंगची मजुरी लावलीत की सेवा आली आणि मर्यादा २० लाखांवर येते. आणि जुनं कूलंट गटारात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

या आठवड्याचं काम

ओळखीच्या पाच गाड्या घ्या. तापणाऱ्याच हव्यात असं नाही. प्रत्येकीला स्कॅनर लावा, एसी चालू करून पंधरा मिनिटं उभी ठेवा. पंखा किती अंशाला चालू होतो, किती अंशाला बंद होतो, हाय स्पीड घेतो का, एवढं वहीत लिहा. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कॅप उघडा आणि तिचं रबर बघा. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही, हा नियम दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

पाच गाड्या झाल्या की तुमच्याकडे पाच निरोगी किंवा आजारी आकडे असतील. शंभर झाल्या की तुमच्या भागात तुमच्याएवढं सांगणारा शोधावा लागेल. रेडिएटरचे कॅटलॉग तोपर्यंत ड्रॉवरमध्ये राहू द्या.