बेस कॉम्बोला जास्तीचा कॅबिनेट विकताय? आधी ओहम विचारा!

म्युझिक शॉप काढायचंय किंवा साउंड भाड्याने द्यायचा धंदा करायचाय, त्यांनी आजचा लेख नीट वाचा.

बेस गिटार वाजवणारा मुलगा दुकानात येतो. "माझ्या कॉम्बोचा आवाज कमी पडतोय, एक कॅबिनेट द्या." कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. त्याला बाहेरून जोडायचा जास्तीचा स्पीकर म्हणजे एक्स्टेन्शन कॅबिनेट. आता बरेच दुकानदार काय करतात? सगळ्यात महागडा कॅबिनेट दाखवतात, वॉट सांगतात आणि बिल फाडतात.

माझं स्पष्ट मत आहे: ओहम न विचारता कॅबिनेट विकणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळणं.

साधा हिशोब बघा. ओहमचा आकडा जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. बहुतेक कॉम्बोंमध्ये बाहेरचा कॅबिनेट आतल्या स्पीकरला पॅरलल जोडला जातो. आत 8 ओहम, बाहेर 8 ओहम, तर एकूण 4. आत 8 आणि बाहेर 4, तर एकूण साधारण 2.7. मागच्या पॅनलवर 'किमान 4 ओहम' छापलं असेल, तर पहिली जोडी चालेल, दुसरी नाही. तरी जोडली तर अ‍ॅम्प तापतो, भर कार्यक्रमात बंद पडतो, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर उडतात. आणि आतलाच स्पीकर 4 ओहमचा असेल, तर त्याच्या जोडीला कुठलाच कॅबिनेट लावता येत नाही. तिथे हात जोडून "नाही" म्हणा.

आता वॉटचं बघू. फेंडर रंबल 500 हा कॉम्बो एकटा 350 वॉट देतो. 8 ओहमचा कॅबिनेट जोडला की 500 देतो. ऐकायला भारी वाटतं ना? पण हा फरक जेमतेम दीड डेसिबलचा आहे, कानाला फारसा कळणारही नाही. खरा फायदा होतो तो स्पीकर वाढल्यामुळे: जास्त हवा हलते, बेस भरीव लागतो. पण आवाज दुप्पट होईल असं वचन देऊ नका.

म्हणून बिल करण्याआधी चार गोष्टी विचारा:

1. अ‍ॅम्पला एक्स्टेन्शन आउटपुट आहे का? बऱ्याच छोट्या कॉम्बोंना नसतं.
2. किमान किती ओहम चालतात आणि आतला स्पीकर किती ओहमचा आहे? मागच्या पॅनलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा.
3. कॅबिनेटला वॉट पुरतील का? दोन्ही बाजूंना सारखे ओहम असतील तर पॉवर निम्मी निम्मी वाटली जाते. 500 वॉटमधले 250 प्रत्येकाला. कॅबिनेट त्याहून थोडा वरचाच द्या.
4. आवाज नक्की कुणाला ऐकू जायला हवा? स्वतःला, की मैदानातल्या लोकांना?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लोकांपर्यंत आवाज न्यायचा असेल, तर कॉम्बोच्या डीआय आउटपुटमधून एक केबल मिक्सरला द्यायची, बाकीचं काम हॉलचा साउंड करतो. म्हणजे कॅबिनेटची गरजच नाही!

तुम्ही म्हणाल, "सर, असा सल्ला देत बसलो तर विकायचं काय? शेजारचा दुकानदार विकून मोकळा होईल." होऊ दे. समजा त्या विक्रीत 3,000 रुपये सुटले. अ‍ॅम्प जळला की भांडण तुमच्या काउंटरवर, वॉरंटीची कटकट तुमच्या डोक्यावर, आणि त्याच्या बँडमधले बाकीचे तिघं ड्रमच्या काठ्या, तारा, माइक घ्यायला दुसरीकडे जाणार. 3,000 कितीला पडले?

बीबीएला आम्हाला अपसेलिंग शिकवलं. ते जरूर करा, पण हक्काच्या जागी. कॅबिनेट जुळत असेल तर सोबत चांगली स्पीकर केबल विका. गिटारची केबल तिथे लावू देऊ नका. ती पातळ असते, तापते. ही विक्री गिऱ्हाइकाच्याही फायद्याची आणि तुमच्याही.

लक्षात ठेवा, "हे तुम्हाला नको" असं सांगणाऱ्या दुकानदाराचं "हे घ्या" गिऱ्हाईक डोळे झाकून ऐकतं.

तुमच्या दुकानात येणारा कॉम्बो कोणता? मॉडेल कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्याचा हिशोब करून दाखवतो.