बोलपटातले बोल

गेल्या भाऊबिजेला बहिणीकडे मी पैज हरलो. अनारशांची आख्खी ताटली गमावली, आणि वर भाच्यासमोर अब्रू गेली ती वेगळीच.

झाले असे की, फराळ चालला असताना मी मोठ्या ऐटीत गब्बरसिंगाचा आवाज काढला, "अरे ओ सांभा, कितने आदमी थे?" सगळे हसले. भाचा मात्र शांतपणे म्हणाला, "मामा, असं वाक्य 'शोले'त नाहीच." अहो, १९७५ पासून हे वाक्य माझ्या तोंडात आहे! मी पैज लावली. त्या कार्ट्याने तिथल्या तिथे चित्रपट लावून दाखवला. "कितने आदमी थे?" हा प्रश्न गब्बर रामगढहून मार खाऊन परतलेल्या कालियाला आणि त्याच्या सोबत्यांना विचारतो. सांभाला हाक मारतो ती नंतर, आणि त्याला विचारतो ते सरकारने आपल्यावर किती इनाम लावले आहे एवढेच. नीट विचार केला असता तर मलाही ते कळायला हवे होते. सांभा बिचारा वर खडकावर बसलेला. जो रामगढला गेलाच नाही, तो माणसे कशी मोजणार?

पण वाचकहो, या चुकीत मी एकटा नाही. 'कॅसाब्लांका' हा हॉलिवूडचा १९४२ सालचा चित्रपट. त्यातले "प्ले इट अगेन, सॅम" हे वाक्य जगभर गाजले. इतके की वुडी ॲलनने आपल्या एका नाटकाला तेच नाव दिले. आणि चित्रपटात? इन्ग्रिड बर्गमन पियानोवाल्या सॅमला ते गाणे वाजवायला सांगते खरी, पण त्यातला 'पुन्हा' हा शब्द काही तिच्या तोंडी नाही. तो लोकांनी आपल्या पदरचा घातला.

असे का होत असावे? मला वाटते, पडद्यावर वाक्याला सोबत असते. समोर खडक असतात, घाबरलेले चेहरे असतात, मागे संगीत असते. तेच वाक्य आपण चहाच्या टेबलावर आणतो तेव्हा ते एकटे पडते. मग आपण त्याच्या सोबतीला सांभाला पाठवतो. ऐकणाऱ्याला खूण पटते आणि आपले काम भागते.

भागते हे खरे, पण त्यात एका माणसावर अन्याय होतो. तो म्हणजे ते वाक्य लिहिणारा. वाक्य गब्बरचे होते, अमजदखानचे होते, शेवटी ते आपलेही होते. लिहिणाऱ्याचे मात्र राहत नाही. १९७३ साली 'जंजीर' आला तेव्हा पोस्टरांवर सलीम-जावेद यांचे नाव नव्हते. त्यांनी एक रंगारी गाठला आणि मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावे रंगवून घेतली. पुढे दोनच वर्षांत 'शोले'च्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि गाण्यांसारखे लोक संवाद ऐकू लागले. पण त्या आधी स्वतःच्या नावासाठी रंगाचा डबा लागला, हे विसरू नये.

आणि गंमत अशी, की गाजलेली वाक्ये कागदावर पाहिली तर अगदी साधी दिसतात. त्याच १९७५ सालचा 'दीवार' घ्या. थोरला भाऊ गाडी, बंगला, बँकेतली शिल्लक अशी आपली यादी वाचतो आणि विचारतो, तुझ्याकडे काय आहे? धाकटा म्हणतो, "मेरे पास माँ है." चार शब्द! शाळकरी पोरालाही लिहिता येतील. पण त्या आधीची यादी आणि त्या आधीचे दोन भावांचे आख्खे आयुष्य लिहायला सलीम-जावेद लागतात.

भावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे गावच्या घराच्या विक्रीवरून बिनसले होते. चार वर्षे बोलणे बंद. चूक कोणाची, हे आता विचारू नका. दोघांनाही पहिला शब्द सापडत नव्हता, एवढेच खरे. एका पाडव्याला संध्याकाळी दाराची घंटा वाजली. मी आतूनच विचारले, "कोण आहे?" बाहेर क्षणभर शांतता. मग ओळखीचा आवाज आला, "धनंजय माने इथेच राहतात का?"

माझे नाव ना धनंजय, ना आडनाव माने. पण १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आम्ही दोघांनी एकत्र पाहिला होता, आणि पुढे कितीतरी दिवस हे वाक्य घरात घुमत होते. मी दार उघडले आणि म्हणालो, "राहतात. चपला काढून आत या." त्याने मान खाली घालून चपला काढल्या. "दादा," एवढेच म्हणाला. हिने फराळाची ताटली आणेपर्यंत आम्ही दोघेही उगाच आकाशकंदिलाकडे पाहत होतो.

'माफ कर' हे त्यालाही म्हणता आले नसते आणि मलाही. ती सोय आमच्यासाठी वसंत सबनीसांनी करून ठेवली होती. होय, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे तेच सबनीस. 'बनवाबनवी'चे संवाद त्यांचे. पत्ता विचारणाऱ्या कोणाही माणसाच्या तोंडी शोभावे असे ते वाक्य, पण आमच्या घराचा पत्ता माझ्या भावाला त्यानेच पुन्हा मिळवून दिला.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. वाक्य खुशाल वापरावे, वाकवावेही. सांभाला बोलावल्याशिवाय राहवत नसेल, तर बोलवावे. पण घरात त्या वाक्यावर हशा पिकला, की लिहिणाऱ्याचे नाव एकदा मोठ्याने घ्यावे. त्याला रंगाचा डबा लागत नाही.

यंदाच्या भाऊबिजेला आम्ही दोघे भाऊ मिळून बहिणीकडे जाणार आहोत. भाच्याला म्हणावे, अनारसे जपून ठेव.